जुन्या घराचे नूतनीकरण : आमच्या ठेकेदारांच्या सेवेविषयी सविस्तर अभिप्राय

नागपूरच्या पश्चिम भागात, सुधार प्रन्यासाच्या एका जुन्या ले-आउटमध्ये, आमचे १९८०च्या दशकात बांधलेले एकमजली घर आहे. गेल्या हिवाळ्यात काम सुरू करून ऊन तापण्याच्या सुमारास आम्ही या घराचे स्वयंपाकघर, दोन्ही न्हाणीघरे, संपूर्ण वायरिंग, खिडक्या आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग नव्याने करून घेतले. ज्या ठेकेदारांनी हे काम केले, त्यांच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. त्यांची माणसे मोजकी आहेत, ते एका वेळी दोनच घरे हाती घेतात आणि ओळखीतून आलेल्या कामांपलीकडे जाण्याची त्यांची इच्छा नाही. म्हणून त्यांच्या विनंतीवरून मी त्यांचे नाव येथे देत नाही. तरीही सविस्तर लिहीत आहे, कारण घराचे काम काढणाऱ्या प्रत्येकाला ठेकेदार निवडताना नेमके काय पाहावे हा प्रश्न पडतो, आणि ठेकेदार आपल्याशी कसा बोलतो, काय लिहून देतो आणि काय लपवत नाही, हे सर्वांत आधी पाहावे असे या अनुभवानंतर माझे ठाम मत झाले आहे.

निष्कर्ष आधीच सांगते. गवंडीकाम, नळकाम आणि वायरिंग उत्तम झाले. सुतारकाम मध्यम झाले. काम ठरलेल्या मुदतीपेक्षा थोडे लांबले. आणि खर्च मूळ अंदाजापेक्षा वाढला, परंतु त्या वाढीतील एकही रक्कम अशी नव्हती की जिला आम्ही आधी लेखी होकार दिला नव्हता. घरात वयस्क सासूबाई असताना, त्याच घराच्या एका भागात राहून आम्ही हे काम करून घेतले, आणि त्या काळात एकदाही चढ्या आवाजात बोलण्याची वेळ आली नाही. याचे श्रेय मी त्यांच्या संवादाच्या शिस्तीला देते.

भाव मागवण्यासाठी आम्ही इतरही काही ठेकेदारांना घर दाखवले होते. त्यांच्यापैकी एकाने दारातूनच घराकडे पाहून चौरस फुटाचा दर सांगितला. पाइप कोणता वापरणार, जुना मलबा कोण उचलणार, या प्रश्नांवर त्यांचे उत्तर "होऊन जाईल ना ताई, काही टेन्शन नका घेऊ" एवढेच होते. ज्यांना आम्ही काम दिले, त्यांनी पहिल्या भेटीत एकही आकडा सांगितला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. घरातील अंतिम निर्णय कोणाचा असेल? दिवसा घरी कोण असते? पुढच्या चार-सहा महिन्यांत घरी लग्नकार्य किंवा मोठे पाहुणपण आहे का? पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे? उन्हाळ्यात कूलर कोणत्या खिडकीला लागतो? या शेवटच्या प्रश्नानेच माझा त्यांच्यावर विश्वास बसू लागला. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात कूलरची खिडकी, त्याचा बाहेरचा स्टँड, पाण्याची नळी आणि विजेचा पॉइंट यांचा विचार आधीच झाला नाही, तर नवे घर पहिल्याच उन्हाळ्यात पुन्हा फोडावे लागते. सासूबाईंना त्यांनी गच्चीच्या गळतीविषयी विचारले आणि त्यांचे म्हणणे मध्ये न बोलता पूर्ण ऐकून घेतले. पावसाळ्यात डाग आधी कोणत्या कोपऱ्यात उमटतो, झड लागल्यावर किती वेळाने उमटतो, पंख्याच्या हुकातून पाणी येते की भिंतीवरून उतरते, हे सारे त्यांनी वहीत टिपले आणि छताखाली त्या जागी पेन्सिलने खूण केली. पुढे गच्ची उकलल्यावर भेग जवळजवळ त्याच रेषेत सापडली.

आठवड्याभराने जे अंदाजपत्रक आले, त्यात प्रत्येक कामाचे मोजमाप, दर आणि वापरायच्या मालाचे वर्णन होते. दिव्यांसाठी १.५, साध्या पॉवर पॉइंटसाठी २.५ आणि एसीसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप, संपूर्ण घरासाठी ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), अशा स्वरूपाचे. परंतु मला सर्वांत मोलाचे वाटले ते शेवटचे पान, ज्याचे शीर्षक "यात धरलेले नाही" असे होते. चिमणी आणि गिझरची किंमत धरलेली नाही. फॉल्स सीलिंग धरलेले नाही. जमीन उकलल्यावर ड्रेनेजचे पाइप खराब निघाले तर त्यांचा खर्च धरलेला नाही. १८ टक्के जीएसटी कोणत्या रकमेवर लागेल, तेही तेथेच स्पष्ट केले होते. ठेकेदार आणि घरमालक यांच्यातील बहुतेक भांडणे "आम्हाला वाटले हे त्यातच आले" या एका वाक्यातून सुरू होतात, आणि या एका पानाने त्या वाक्याला जागाच ठेवली नाही. माझा आग्रह असा की कोणत्याही ठेकेदाराकडून अंदाजपत्रक घेताना हे पान मागून घ्यावे. ते देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे काय होणार ते तेव्हाच कळते.

करारपत्र ५०० रुपयांच्या मुद्रांकावर केले. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा कामांसाठी १०० रुपयांचा मुद्रांक चालत नाही, हेही त्यांनीच सांगितले. घराच्या दुरुस्तीचे काम ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवा ठरते आणि मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. परंतु त्यासाठी हातात कागद असावा लागतो. आपल्याकडे कराराचा विषय काढला की "विश्वास नाही का?" असे विचारले जाते आणि आपण संकोचतो. येथे कराराचा आग्रह ठेकेदारांचाच होता, कारण त्यांनाही कामानंतर पैसे बुडवणाऱ्या घरमालकांचा अनुभव होता.

पैशांचे हप्ते तारखांना न बांधता टप्प्यांना बांधले होते. तोडफोड आणि मलबा उचलणे पूर्ण झाल्यावर एक हप्ता, भिंतीतील पाइप आणि वायरिंगची तपासणी झाल्यावर दुसरा, फरशी बसल्यावर तिसरा, असा तो क्रम होता. आणि एकूण रकमेच्या पाच टक्के रक्कम पहिला मोठा पाऊस होऊन जाईपर्यंत आमच्याकडे राहील, असे त्यांनी स्वतःहून लिहिले होते. मधल्या काळात मजुरांच्या उचलीसाठी म्हणून त्यांनी एकदाही अवेळी पैसे मागितले नाहीत. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण "आठवडी बाजार आहे, पोरांना द्यावे लागतात" असे सांगून दर शनिवारी थोडीथोडी रक्कम नेणारे आणि शेवटी हिशेबाचा मेळच न बसू देणारे ठेकेदार आम्ही नात्यातील एका घराच्या वेळी पाहिले आहेत.

काम सुरू होण्याची तारीख ठरवताना त्यांनी जे सांगितले, तेही मला फार प्रामाणिक वाटले. त्यांचे मिस्त्री आणि रेजा, म्हणजे बांधकामावरील स्त्री मजूर, बालाघाट आणि गोंदिया भागातील आहेत. धानाची कापणी आटोपल्याशिवाय पूर्ण टोळी येणार नाही आणि होळीला आठवडाभर कोणीही थांबणार नाही, तेव्हा हे दिवस मुदतीत आधीच सोडून धरा, असे त्यांनी करारापूर्वीच स्पष्ट केले. दिवाळीनंतर लगेच काम सुरू व्हावे अशी आमची इच्छा होती. त्यांनी डिसेंबरच सांगितला आणि डिसेंबरमध्येच माणसे आणली. गोड वाटणारी तारीख देऊन नंतर फोन न उचलण्यापेक्षा नको असलेली तारीख आधी ऐकणे कितीतरी बरे.

आता प्रत्यक्ष कामाच्या दिवसांतील संवादाविषयी. त्यांचा पहिला नियम असा होता की मिस्त्रींना सूचना फक्त ठेकेदार देतील, आणि घराच्या बाजूने फक्त एकच व्यक्ती बोलेल. आमच्याकडून ती व्यक्ती मी होते. सुरुवातीला घरात हा नियम काहीसा रुचला नाही. येणारे-जाणारे काका, शेजारी, दिवसभर घरात असणाऱ्या सासूबाई, सर्वांनाच काही ना काही सुचवायचे असते आणि त्यांतल्या कित्येक सूचना चांगल्याही असतात. त्यासाठी ठेकेदारांनी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक वही अडकवली. ज्याला जे वाटेल ते त्याने त्यात लिहावे, मिस्त्रींना सांगू नये. संध्याकाळी सात वाजता ते फोन करतील तेव्हा वहीतील प्रत्येक मुद्द्यावर माझ्याशी बोलतील आणि त्या मुद्द्यापुढे "करायचे", "करायचे नाही" किंवा "खर्च वाढेल" असे लिहिले जाईल. सासूबाईंनी त्या वहीत लिहिले की देवघराच्या कोनाड्यात समईचा धूर वर लागतो, तेव्हा तेथे पांढरा रंग नको. ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती. कोनाड्याला वरच्या बाजूने ग्रॅनाइटची पट्टी लावली गेली, आणि त्यांच्या सूचनेची नोंद त्यांच्याच अक्षरात राहिली.

सातचा तो फोन हा या संपूर्ण सेवेचा कणा होता असे मी म्हणेन. त्यात आज काय झाले, उद्या काय होणार, उद्या कोणता माल येणार आणि माझ्याकडून कोणता निर्णय किती दिवसांत हवा, या चार गोष्टी असत. फोन झाल्यावर त्याचा सारांश दोन-तीन ओळींत व्हॉट्सॲपवर लिहून येई. आवाजी संदेश पाठवायचे नाहीत, असे त्यांनी आधीच सांगितले होते, आणि त्याचे कारण पटण्यासारखे होते: महिन्याभराने एखादी गोष्ट शोधायची झाली तर लिहिलेला शब्द सापडतो, आवाजी संदेशांच्या गर्दीत काहीच सापडत नाही. दिवसा मात्र ते फोन उचलत नसत. सुरुवातीला मला याचा त्रास झाला, विशेषतः पाण्याची लाइन दुपारभर बंद राहिली त्या दिवशी. तातडीच्या प्रसंगासाठी मुख्य मिस्त्रींचा नंबर त्यांनी पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता. तो आम्ही मागितल्यावर मिळाला.

मिस्त्रींशी बोलण्याची भाषा हिंदी होती आणि ठेकेदार आमच्याशी मराठीत बोलत, त्यामुळे मधे काही हरवण्याची शक्यता होतीच. त्यावर त्यांचा उपाय असा की महत्त्वाची गोष्ट शब्दांवर सोडायची नाही, भिंतीवर पूर्ण मापात आखायची. दोन बाय चारच्या फरशा न्हाणीघरात लावण्यापूर्वी मिस्त्रींनी त्या सिमेंटशिवाय जमिनीवर मांडल्या, भिंतीवर निळ्या दोऱ्याने रेषा मारल्या, आणि मला दारात उभे करून विचारले की आत येताच नजर कोठे जाते. कापलेला तुकडा कोठे येणार हा फरशीकामातील खरा प्रश्न असतो. पूर्ण फरशी समोर आणि कापलेली पट्टी दाराच्या मागे, हे त्या पाच मिनिटांत ठरले. सासूबाई स्टुलावर बसून आंघोळ करतात. ठेकेदारांनी त्यांचे नेहमीचे स्टूल आत ठेवले, त्यांना त्यावर बसायची विनंती केली, "आई, हात सहज लांब करा, ताणू नका" असे म्हटले आणि जेथे बोटे टेकली तेथे पेन्सिलने फुली मारली. नळाची उंची त्या फुलीवर ठरली. मग उठताना त्या आधारासाठी कोणता हात कोठे नेतात ते पाहून भिंतीतील धरण्याच्या दांड्याची जागा ठरवली आणि तेथे भिंत आतून भक्कम करून घेतली. नकाशावर ही माणसाची उंची कधीच उतरत नाही.

भिंतीतील पाइप आणि वायरी बुजवण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढला गेला, आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी धरलेली होती, जेणेकरून कोपऱ्यापासून आणि जमिनीपासूनचे अंतर वाचता यावे. त्याआधी पाइपमध्ये दाब देऊन रात्रभर ठेवले गेले आणि संध्याकाळचा व सकाळचा दाबमापकाचा काटा मला दाखवला गेला. आता पाणी शुद्ध करण्याचे यंत्र लावायला आलेल्या माणसाला मी ते फोटो दाखवते आणि तो निर्धास्तपणे छिद्र पाडतो. झिऱ्या, म्हणजे पाइप-वायरींसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा, बुजवण्यापूर्वीच्या त्या अर्ध्या दिवसाची किंमत पुढची वीस वर्षे वसूल होत राहील.

वाईट बातमी कशी सांगितली जाते, यावर मी सर्वाधिक गुण देते. मागच्या न्हाणीघराची जमीन उकलली तेव्हा ड्रेनेजचे जुने भाजक्या मातीचे पाइप सांध्यांतून निखळलेले निघाले. पश्चिम नागपुरातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्या हालचालीने जुने सांधे उघडतात आणि मग त्यात झाडांची मुळे शिरतात. ठेकेदारांनी त्या जागेचे काम तेथेच थांबवले, त्याच संध्याकाळी फोटो पाठवले आणि तीन पर्याय लिहून दिले: फक्त निखळलेले सांधे बदलणे, घराच्या चेंबरपर्यंतची पूर्ण लाइन पीव्हीसीमध्ये नवी करणे, किंवा रस्त्यावरच्या चेंबरपर्यंत सारेच बदलणे. प्रत्येकापुढे खर्च, लागणारे दिवस आणि त्यातील धोका लिहिला होता, आणि त्यांच्या मते दुसरा पर्याय का योग्य तेही लिहिले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या पर्यायाला लेखी होकार दिल्यावरच पुढचे खोदकाम झाले. हा खर्च आम्हाला जड गेला, पण फसवले गेल्याची भावना एक क्षणही आली नाही. जादा कामाच्या अशा प्रत्येक प्रसंगी हीच पद्धत पाळली गेली. होकाराआधी काम नाही, आणि होकार तोंडी चालत नाही.

आता त्यांच्या चुकीविषयी, कारण ती नोंदवल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. पहिल्याच भेटीत ज्या कूलरच्या खिडकीविषयी त्यांनी इतक्या काळजीने विचारले होते, तीच खिडकी चुकली. खिडक्यांचे काम त्यांनी बाहेरच्या एका कारागिराकडे दिले होते आणि ही खिडकी उघडणाऱ्या झडपेची हवी, हे त्याला फोनवर तोंडी सांगितले होते. लागून आली ती सरकणारी खिडकी. चार फुटांची सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी तिची निम्मी रुंदी झडपेखालीच राहते. उरलेल्या दोन फुटांहूनही कमी जागेत आमच्या कूलरचे तोंड बसणे शक्य नव्हते. मी हे दाखवताच त्यांनी वाद घातला नाही आणि कारागिरावरही ढकलले नाही. त्यांनी आमच्या मूळ कागदातील ती ओळ काढली, चूक आपल्या बाजूने झाल्याचे त्याच संध्याकाळच्या संदेशात लिहिले आणि स्वतःच्या खर्चाने ती खिडकी बदलून दिली. मात्र नवी खिडकी यायला वेळ लागला, मार्चचे ऊन तापू लागले होते, आणि त्या खोलीला बरेच दिवस प्लायच्या फळ्या लावून ठेवाव्या लागल्या. आमच्याशी जी लेखी शिस्त ते कसोशीने पाळतात, तीच त्यांनी आपल्या पोटठेकेदारांशीही पाळायला हवी, असे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

सुतारकामातील उणीवही त्याच मुळातून आली आहे. स्वयंपाकघरातील कपाटांचे सुतार त्यांच्या नेहमीच्या टोळीतले नव्हते. लकडगंजात जाऊन प्लाय आम्ही एकत्र पाहून घेतले होते, माल चांगलाच आला. परंतु ड्रॉवरची खोली आणि कुकर, परात, डब्यांची मापे यांचा मेळ कोणी आखून पाहिला नाही. फरशीच्या बाबतीत जसे भिंतीवर आखून दाखवले, तसे येथे झाले नाही, आणि दोन ड्रॉवर उथळ राहिले. ज्यांना मोठे मॉड्युलर किचन करायचे आहे, त्यांनी ते काम या ठेकेदारांकडे न देता वेगळ्या सुताराकडे द्यावे, असा माझा सल्ला राहील.

पाणी मारण्याच्या बाबतीत मात्र ते तडजोड करत नाहीत. नव्या ओट्याच्या स्लॅबवर आणि खिडकीवरच्या लिंटेलवर त्यांनी खडूने तारीख लिहिली: कधी ओतले आणि कोणत्या तारखेपर्यंत ओले ठेवायचे. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस आणि कोरड्या, उष्ण हवेत किंवा मिश्र सिमेंट वापरल्यास किमान १० दिवस ओलावा मिळावा लागतो. हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले आणि रविवारी टोळी नसताना पोत्यांवर पाणी कोणी घालायचे हेही आधीच वाटून घेतले. ती जबाबदारी आमच्याकडे होती. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा झाल्यावर बांध घालून पाणी साठवले, तेव्हा पाण्याची पातळी उतरली म्हणून मी घाबरले होते. उन्हाने पाणी उडते, म्हणून वरची पातळी पाहून घाबरू नका, खालचे छत पाहा, असे त्यांनी सांगितले. छत कोरडे होते.

घरमालकाकडूनही त्यांच्या अपेक्षा आहेत आणि त्या लेखी आहेत. फरशी, नळ आणि रंगांची निवड कोणत्या तारखेपर्यंत कळवायची हे करारातच होते. उशीर झाल्यास मिस्त्रींच्या रिकाम्या दिवसाची मजुरी आमच्या खात्यावर पडेल असेही होते. हे ऐकायला कठोर वाटते, परंतु रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस आपल्या अनिश्चिततेमुळे वाया जाऊ नये, हे न्यायाचेच आहे. फरशी कमी पडली तेव्हा त्यांनी जुन्या खोक्यावरील शेड आणि बॅच क्रमांकाचा फोटो पाठवला आणि तोच क्रमांक दुकानात जुळवून घ्यायला सांगितले, कारण एकाच नावाच्या फरशीच्या दोन बॅचमध्ये रंगाची छटा वेगळी निघते. मलबा त्यांनी एक रात्रही रस्त्यावर राहू दिला नाही. महानगरपालिकेचे उपद्रव शोध पथक रस्त्यावरील बांधकाम साहित्यासाठी दंड करते, आणि दंडाआधी शेजाऱ्यांची अडचण होते, हे त्यांचेच शब्द.

पहिला मोठा पाऊस जूनच्या उत्तरार्धात झाला. त्यानंतर दोन दिवसांनी ते स्वतः आले, पेन्सिलची जुनी खूण जेथे होती त्या कोपऱ्यात शिडी लावून हात फिरवून पाहिला आणि मगच राखून ठेवलेल्या पाच टक्क्यांचा विषय काढला. ती रक्कम आम्ही त्याच दिवशी दिली. त्यानंतर न्हाणीघराच्या एका कोपऱ्यात ढाळ कमी पडून पाणी थांबते, अशी तक्रार मी केली आहे. ती नोंदवून घेतल्याचा संदेश आला आणि पोळ्याला टोळी गावी जाऊन परतल्यावर त्या चार फरशा उचलून पुन्हा बसवण्याची तारीखही मिळाली आहे.

ज्यांना स्वस्तात आणि झटपट काम हवे आहे, किंवा कागदावर सही करण्याचा कंटाळा आहे, त्यांना हे ठेकेदार मानवणार नाहीत. त्यांचा दर आम्हाला मिळालेल्या इतर भावांपेक्षा जास्त होता. घरात म्हातारी माणसे आहेत, घर सोडून दुसरीकडे राहणे शक्य नाही आणि आपला पैसा कोठे गेला हे समजून घ्यायचे आहे, अशा कुटुंबांना मी त्यांच्याकडे जाण्यास निःसंकोच सुचवेन. हिवाळ्यात काम सुरू करायचे असेल तर त्यांच्याशी बोलणी पावसाळ्यातच करावी लागतात, कारण गळती कोठे आहे ते ओले असताना पाहणे त्यांना पसंत आहे आणि डिसेंबर ते मार्चचे दिवस गणपतीच्या सुमारासच भरून जातात.